‘इद्दत’ म्हणजे सुतक नव्हे

मोडी कागदांचें वाचन करणाऱ्या संशोधकांस ‘अदद’, ‘तादाद’ आणि ‘हद्द’ हे शब्द नव्यानें सांगावयास नकोत. याद्यांत वस्तूंची संख्या मांडतांना ‘अदद’ येतो, एकंदर आंकडा सांगतांना ‘तादाद’ येतो, आणि गांवशिवारांच्या तंट्यांत ‘हद्द’ तर पदोपदीं येते. हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. पहिल्या दोहोंचा धातु ‘मोजणें’ या अर्थाचा, तर तिसऱ्याचा ‘अडविणें, मर्यादा घालणें’ या अर्थाचा आहे. याच दोन धातूंपासून निघालेले आणखी दोन शब्द मुसलमानी धर्मशास्त्रांत विधवेच्या प्रकरणांत येतात. एक ‘इद्दत’, म्हणजे मोजून पुरा करावयाचा काळ; दुसरा ‘इहदाद’ (यासच ‘हिदाद’ असेंही म्हणतात), म्हणजे त्या काळांत अलंकार, सुगंध इत्यादिकांपासून दूर राहणें. पहिला शब्द अददच्या कुळांतला, दुसरा हद्दीच्या. हे दोन शब्द एकच समजल्यामुळें जुन्या कागदांच्या वाचनांत व कालनिर्णयांत चुका होतात. त्या कशा होतात हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्हांस एका फारसी कागदाचा मराठी सारांश करण्याचा प्रसंग आला. त्यांतील ‘इद्दत’ या शब्दापुढें आम्हीं बेधडक ‘सुतक’ असें लिहून मोकळे झालों. शाळेंतील फारसीचे वृद्ध मौलवीसाहेब तो कागद वाचून हंसले व म्हणाले, “शास्त्रीबुवा, सुतक साऱ्या घराला असतें, इद्दत एकटीला असते. जरा हिशेब करून पाहा, म्हणजे कळेल.” तो हिशेब करण्यास आम्हांस बरींच वर्षें लागलीं. त्याचें फलित वाचकांपुढें ठेवीत आहों.

१. मूळ आधार

विधवेच्या इद्दतीचा मुख्य आधार कुराणाच्या दुसऱ्या सूरेंतील २३४ वी आयत हा आहे. पति मृत झाल्यास स्त्रीनें चार महिने व दहा दिवस थांबावें, आणि ती मुदत पुरी झाल्यावर तिनें आपल्याविषयीं रीतीला धरून जें करावें त्याचा दोष कोणावर नाहीं, असा तिचा आशय आहे. लगेच पुढील आयतेंत, या काळांत तिला विवाहाविषयीं आडून सुचविण्यास हरकत नाहीं, परंतु मुदत पुरी होईपर्यंत विवाह पक्का करूं नये, असें सांगितलें आहे. पासष्टाव्या सूरेंतील चौथ्या आयतेप्रमाणें गर्भवतीची मुदत प्रसूतीबरोबर संपते. दुसऱ्या सूरेंतच २४० व्या आयतेंत विधवेस एक वर्षपर्यंत घरांतून न काढतां निर्वाह द्यावा असेंही वचन आहे. परंतु चार महिने दहा दिवसांच्या वचनानें व वारसाहक्काच्या आयतांनीं तें बाधित झालें, असें बहुतेक शास्त्रकार मानतात. चौथ्या सूरेच्या बाराव्या आयतेप्रमाणें विधवेस पतीच्या मिळकतींत अपत्य नसल्यास चतुर्थांश व असल्यास अष्टमांश मिळतो. म्हणून हनफी शास्त्रांत इद्दतीच्या काळाचें वेगळें पोटगीचें ओझें मिळकतीवर टाकीत नाहींत.

इहदादाचा आधार मात्र मुख्यतः हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ति व आचार यांची परंपरा, हा आहे. पैगंबरांची पत्नी उम्म हबीबा हिचा पिता अबू सुफियान वारला. तिसरा दिवस झाल्यावर तिनें सुगंधी द्रव्य मागवून अंगास लाविलें व सांगितलें कीं, मला याची हौस नाहीं, परंतु कोणाही मृतासाठीं तीन दिवसांपलीकडे शोक पाळूं नये, पतीसाठीं मात्र चार महिने दहा दिवस पाळावा, असें मीं पैगंबरांपासून ऐकलें आहे. दुसरी पत्नी जैनब बिंत जहश हिनेंही भावाच्या मृत्यूनंतर असेंच केलें.

याच परंपरेंत इस्लामपूर्व अरबांची चालही नमूद आहे. विधवा एका लहानशा कोंदट खोपटांत शिरे, अत्यंत वाईट वस्त्रें नेसे, आणि वर्षभर सुगंधास वा पाण्यास शिवत नसे. वर्ष संपलें म्हणजे बाहेर येऊन ती जनावराची एक लेंडी फेकी व मग मोकळी होई. एका बाईनें आपल्या विधवा मुलीचे डोळे दुखत असल्यानें सुरमा घालण्याची परवानगी मागितली, तेव्हां पैगंबरांनीं ती नाकारतांना याच चालीची आठवण दिली आणि पूर्वीच्या एका वर्षापुढें चार महिने दहा दिवस हे थोडेच आहेत असें सांगितलें. पुढील शास्त्रकारांनीं औषध म्हणून रात्रीं सुरमा घालून दिवसा पुसून टाकण्याची सवलत मान्य केली.

२. दोन गोष्टी निरनिराळ्या कशावरून

इद्दत व इहदाद या गोष्टी बहुधा एकत्र असतात, म्हणून त्या एकच वाटतात. परंतु त्या सुटतातही, आणि जेथें सुटतात तेथेंच त्यांचें स्वरूप उघड होतें.

पहिलें उदाहरण वर आलेंच आहे. पित्यासाठीं वा भावासाठीं स्त्रीनें तीन दिवस शोक पाळावा, परंतु तेथें इद्दत मुळींच नाहीं. दुसरें उदाहरण याच्या उलट : परत घेतां येण्याजोग्या तलाकानंतर स्त्रीस इद्दत असते, पण इहदाद नसतो, उलट तिनें नटावें व पतीचें मन वळावें, हें इष्टच मानलें आहे. तिसरें उदाहरण हनफी शास्त्रांतील आहे. अल्पवयीन विधवेस चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे, परंतु इहदादाचे निर्बंध नाहींत. कारण निर्बंध हे धर्मकर्तव्य, आणि बालिकेवर धर्मकर्तव्याचा भार नाहीं. इद्दत मात्र विवाहाच्या बंधनाचा परिणाम असल्यामुळें ती वयावर अवलंबून नाहीं.

तिसऱ्या उदाहरणावरून आणखी एक समजूत निकालांत निघते. इद्दत ही केवळ गर्भ आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तसें असतें तर वृद्धेस, बालिकेस, किंवा जिचा पतीशीं संबंधच झाला नाहीं अशा स्त्रीस ती लागली नसती. तलाकाच्या बाबतींत संबंध झाला नसल्यास इद्दत नाहीं, असें तेहतिसाव्या सूरेची ४९ वी आयत स्पष्ट सांगते. परंतु पति मृत झाल्यास अशा स्त्रीसही ती पूर्ण लागते. सारांश, कुळाची शुद्धि हें एक कारण, मृत पतीच्या बंधनाचा मान हें दुसरें.

निर्बंधांचें स्वरूपही नीट समजून घेतलें पाहिजे. सुगंध, सुरमा, मेंदी, दागिने व शोभेसाठीं रंगविलेलीं, विशेषतः कुसुंबी व केशरी, वस्त्रें वर्ज्य. विणण्यापूर्वींच सूत रंगविलेलें एक येमेनी वस्त्र उम्म अतिय्या हिच्या परंपरेप्रमाणें चालतें. मुक्काम पतीच्या घरींच असावा, याला आधार फुरैआ बिंत मालिक हिचा. पळालेल्या गुलामांच्या मागें गेलेला तिचा पति त्यांच्याच हातून मारला गेला. घर पतीच्या मालकीचें नाहीं, म्हणून माहेरीं जाऊं काय असें तिनें विचारिलें. पैगंबरांनीं प्रथम होय म्हटलें, पण ती निघतांच परत बोलावून, मुदत संपेपर्यंत आहे त्याच घरांत राहा असें सांगितलें. पुढें खलीफा उस्मान यांनीं याच दाखल्यावर निकाल दिला. तथापि ही कोंडी नव्हे. निर्वाहासाठीं दिवसा बाहेर जाण्यास विधवेस मोकळीक आहे. रात्र घरीं काढावी एवढेंच बंधन.

३. हिशेब कसा करावा

आतां मौलवीसाहेबांनीं सांगितलेला हिशेब. महिने चांद्र आहेत, हें प्रथम ध्यानांत धरावें. मृत्यु महिन्याच्या आरंभीं झाला असेल तर चंद्रदर्शनानें चार महिने मोजून पुढें दहा दिवस घ्यावयाचे. मृत्यु महिन्याच्या मध्यें झाला असेल तर मतभेद आहे. इमाम अबू हनीफा प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरून एकंदर १३० दिवस मोजतात. त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहंमद हे पहिला तुटका महिना शेवटीं दिवसांनीं भरून काढून मधले महिने चंद्रानें मोजतात. त्यामुळें दोन्ही मतांत एकदोन दिवसांचा फरक पडतो.

‘दहा’ या शब्दावरही वाद आहे, आणि तो आमच्यासारख्या व्याकरणाच्या अभ्यासकास रुचेल असा आहे. अरबींत तीन ते दहा या संख्यांचें लिंग मोजलेल्या वस्तूच्या लिंगाच्या उलट येतें. आयतेंत ‘दहा’ हा शब्द ज्या रूपांत आहे त्यावरून मोजलेली वस्तु स्त्रीलिंगी, म्हणजे ‘रात्र’ ठरते. म्हणून औजाई यांच्या मतें दहावी रात्र संपतांच विधवा मोकळी होते; इतरांच्या मतें रात्रींत तिच्यामागचा दिवसही येतो, म्हणून दहावा दिवस मावळला पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रांतही ‘त्रिरात्र’, ‘दशरात्र’ अशी रात्रींनींच गणना असते, हें येथें सहज आठवतें.

मोजणीस आरंभ कोठून करावयाचा, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. हनफी व इतर सुन्नी शास्त्रकारांच्या प्रचलित मताप्रमाणें इद्दत मृत्यूच्या क्षणापासून सुरू होते, मग पत्नीस तें ठाऊक असो वा नसो. बातमी येण्यापूर्वींच मुदत संपली असेल तर इद्दतही संपली. शिया इमामी मताप्रमाणें मात्र विधवेची इद्दत बातमी पोंचल्यापासून सुरू होते. या भेदाचें कारण इमामी परंपरा असें देते कीं, विधवेस पतीसाठीं शोक पाळावयाचा असतो, आणि न कळलेल्या मृत्यूचा शोक पाळतां येत नाहीं. म्हणजे सुन्नी शास्त्र येथें ‘अदद’ला प्राधान्य देतें, इमामी शास्त्र ‘हद्दी’ला. आमच्या सुतकाची रीत तर या दोहोंहून तिसरीच : मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायाप्रमाणें दहा दिवसांच्या आंत बातमी कळल्यास उरलेलेच दिवस आशौच, दहा दिवस गेल्यावर कळल्यास तीन रात्रीं, आणि वर्ष लोटल्यावर कळल्यास केवळ स्नान. इद्दतीस सुतक म्हणण्यांत आमची चूक कोठें झाली, हें येथें स्पष्ट होतें.

एक दाखला घेऊं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनें लढणाऱ्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींतील पुष्कळ मुसलमान शिपाई पडले. त्या दिवशीं पडलेल्या सुन्नी शिपायाच्या विधवेची इद्दत अबू हनीफांच्या मोजणीनें २४ मे १७६१ रोजीं पुरी होते. समजा, बातमी तिला १ एप्रिलला कळली; तरी शेवट तोच. बातमी जूनांत कळली तर तिला थांबण्याचें कारणच उरत नाहीं. तीच विधवा इमामी असेल तर १ एप्रिलपासून मोजणी होऊन ऑगस्ट उजाडतो. त्या उन्हाळ्यांत झालेला एकच पुनर्विवाह एकीच्या बाबतींत निर्दोष ठरेल, दुसरीच्या बाबतींत नाहीं. आणि इद्दतींत झालेला विवाह हनफी शास्त्राप्रमाणें ‘फासिद’ म्हणजे सदोष असल्यानें संततीच्या व वारशाच्या प्रश्नांस त्यांतून तोंड फुटेल.

येथें एक सावधगिरी सुचवितों. वरील उदाहरणांत इंग्रजी महिन्यांनीं चार महिने दहा दिवस मोजले तरी २४ मे हीच तारीख येते. ती केवळ फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांची कृपा. हीच मोजणी १ जुलैपासून केली तर १३३ दिवस भरतात व तीन दिवसांची चूक होते. म्हणून हिशेब हिजरी तिथींनींच करावा.

४. दोन वचनांचा झगडा

गर्भवती विधवेविषयीं दोन आयता वरकरणी परस्परविरुद्ध दिसतात. चार महिने दहा दिवस पाळावयाचे, कीं प्रसूतीपर्यंतच? सुबैआ अस्लमिय्या हिचा पति साद बिन खौला हा हिजरी १० (इ. स. ६३२) मधील अखेरच्या हज्जच्या प्रसंगीं मक्केंत वारला. थोड्याच दिवसांत ती प्रसूत झाली व पुन्हा विवाहाची तयारी करूं लागली. अबुस्सनाबिल नांवाच्या गृहस्थानें तिला अडविलें : चार महिने दहा दिवस गेल्याखेरीज तुला विवाह करतां येणार नाहीं. सुबैआ गप्प न बसतां पैगंबरांकडे गेली. प्रसूति झाली त्याच वेळीं तूं मोकळी झालीस, असा त्यांनीं निकाल दिला. सुन्नी शास्त्र याच दाखल्यावर उभें आहे. हजरत अली यांच्या नांवानें चालत आलेलें मत असें कीं, दोन मुदतींपैकीं जी लांब ती पाळावी. आणि इमामी शास्त्रांत तेंच प्रमाण आहे.

दक्षिणेच्या संशोधकांस हा भेद उपेक्षून चालणार नाहीं. अहमदनगरच्या निजामशाहींत बुऱ्हाण निजामशहापासून शिया पंथास राजाश्रय मिळाला. गोवळकोंड्याचे कुत्बशाहा शियाच होते. विजापुरांत तर राजागणिक पारडें फिरलें. कोंकणी मुसलमान बहुतांशीं शाफई, देशावरचे बहुतांशीं हनफी. काजीच्या कागदांतील मुदतीचा अर्थ लावण्यापूर्वीं पक्षकार कोणत्या पंथाचे होते, हें पाहिलें पाहिजे.

वाचनांतील एक खळगाही सांगून ठेवतों. फारसी लिपींत ‘इद्दत’ म्हणजे ऐन, दाल, ते. ‘मुद्दत’ म्हणजे मीम, दाल, ते. पहिल्या अक्षराचाच काय तो भेद. घाईच्या शिकस्ता वळणांत तो सहज निसटतो, आणि विधवेची इद्दत ही कर्जाची मुदत होऊन बसते.

५. संस्कृत ग्रंथांशीं तुलना

मर्यादित काळाच्या वैधव्यव्रताची कल्पना आमच्या शास्त्रांसही अपरिचित नाहीं. बौधायन धर्मसूत्रांत मृताच्या पत्नीनें एक वर्ष मध, मांस, मद्य व मीठ वर्ज्य करून जमिनीवर निजावें असें सांगून, मौद्गल्याच्या मतें सहा महिनेच, अशी पुस्ती जोडली आहे. वासिष्ठ धर्मसूत्रांतही सहा महिन्यांचें व्रत आहे. तें संपल्यावर स्नान करून पतीचें श्राद्ध करावें व नंतर नियोगाचा विचार व्हावा, असा क्रम आहे. येथें व्रताला आरंभ आहे, शेवटही आहे, आणि शेवटानंतर कांहीं तरी आहे. पुढें कलिवर्ज्यांत नियोग गेला. ज्यासाठीं व्रताचा शेवट होता तें द्वार बंद होतांच शेवटही गेला, आणि सहा महिन्यांचें व्रत जन्माचें झालें. हद्द राहिली, अदद पुसला गेला. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यापर्यंत व त्यानंतरही आमच्या उच्चवर्णीय घरांत त्याचें फळ कसें भोगावें लागलें, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

पति नाहींसा झाला पण मेल्याचें निश्चित नाहीं, असा प्रसंग याहून कठीण. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीचा मृत्यु मानला नाहीं, हें सर्वश्रुत आहे. नारदस्मृति परागंदा पतीची वाट ब्राह्मण स्त्रीनें आठ वर्षें, अपत्य नसल्यास चार वर्षें पाहावी, असें सांगते. मुसलमानी शास्त्रांत खलीफा उमर यांच्या निकालाच्या आधारें मालिकी पंथ चार वर्षें वाट पाहून नंतर विधवेची इद्दत पाळावयास सांगतो. जुनें हनफी मत पतीचे समवयस्क संपेपर्यंत थांबविणारें आहे. हिंदुस्थानांत बहुसंख्य मुसलमान हनफी. अशा स्त्रियांची कुचंबणा पाहून उलेमांनींच मालिकी मताचा आधार घेतला, आणि १९३९ च्या मुसलमान विवाहविच्छेदाच्या कायद्यांत चार वर्षें ठावठिकाणा नसलेल्या पतीपासून सुटका मागण्याचा हक्क आला.

६. उपसंहार

इद्दतीचें शास्त्र विधवेच्या पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा ठेवतें, म्हणून समाजही तो मोकळा ठेवीत असे, असें मात्र समजूं नये. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनीं आपल्या मृत्युपत्रांत, विधवेस पुन्हा विवाह करूं न देण्याची चाल हिंदूंपासून घेतलेली असून अरबांत ती नव्हती, असें बजाविलें. पुढें रायबरेलीचे सय्यद अहमद (१७८६–१८३१) यांनीं आपल्या वडील भावाच्या विधवेशीं विवाह करून ती चाल मोडण्याचा उपक्रम स्वतःपासून केला. म्हणजे शास्त्रांत मोजणी कायम असतांही रूढीनें तिचा शेवट येथेंही पुसला होता. शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांपासून काय उचललें, याचा हा दाखला आम्हांस अभिमानास्पद नाहीं.

यावरून कागद वाचणाऱ्यांस आमची विनंति एवढीच. ‘इद्दत’ आढळल्यास तिला सुतक, दुखवटा किंवा वैधव्य म्हणूं नये. शक्य तर मूळ शब्दच ठेवावा. हिशेब हिजरी तिथींनीं करावा, पंथ पाहावा, आणि आरंभ मृत्यूपासून कीं वार्तेपासून तें ठरवावें. ज्या शब्दांत ‘मोजणें’ आहे तो शब्द मोजणी संपते असें गृहीत धरतो. त्या चार महिने दहा दिवसांपलीकडे एका स्त्रीचें पुढील आयुष्य असतें, आणि भाषांतरकाराच्या एका चुकीच्या शब्दानें तें कागदांतून नाहींसें होतें.

आमच्या त्या जुन्या सारांशांतील ‘सुतक’ हा शब्द आम्हीं आतां खोडला आहे. मौलवीसाहेब तें पाहण्यास हयात नाहींत, याची रुखरुख वाटते.